थ्री नॉट थ्रीची मान आणि शिशाची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी माणसांच्या छंदांविषयी जो लेख आला, त्यात रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरण्यावर एक परिच्छेद होता. ‘शिशाची ओतीव गोळी वापरायची असेल तर काडतुसाच्या नावाचा डाय विकत घ्या, म्हणजे झाले,’ असा सल्ला त्यात आहे. (डाय म्हणजे उडालेली केस, म्हणजे काडतुसाचे रिकामे पितळी नळकांडे, दाबून पुन्हा मापात आणणारा साचा.) तो अर्धवट आहे, आणि त्याच्यावर विसंबणाऱ्याच्या बॅरलमध्ये शिसे चिकटणार हे नक्की. म्हणून हे पत्र. आधीच सांगतो, कॅनडात परवानाधारकाला स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरता येतात. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो. त्याशिवाय तिथे या वाटेला कुणी जाऊ नये.

उदाहरणासाठी ‘थ्री नॉट थ्री’च घेऊ. महाराष्ट्रात पोलिसाच्या खांद्यावर ही रायफल सगळ्यांनी पाहिली आहे. इथे ऑन्टारिओत तर ती घरचीच. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोजवळच्या लाँग ब्रांचच्या कारखान्यात ती बनत होती, आणि त्यातल्या कितीतरी आजही शिकारीला जातात. गोंधळ नावापासूनच सुरू होतो. बॅरलच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात, आणि ०.३०३ इंच हे त्या खाचांच्या मधल्या उंचवट्यांमधले अंतर आहे. गोळीला बसायचे असते ते खाचांच्या तळापर्यंत, आणि ते माप एका रायफलीत ०.३१२ निघते, तर दुसरीत ०.३१५च्याही पुढे जाते. तांब्याच्या आवरणाची तयार गोळी ०.३११-०.३१२ची असते. आवरण कणखर असल्यामुळे तिचे निभावते. शिशाची गोळी मात्र खाचेच्या मापापेक्षा एक-दोन थाऊ जाडच हवी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे वर्कशॉपमधल्यांना सांगायला नको). ती बारीक पडली की बाजूने पेटता वायू निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि ते शिसे नळीला लिंपून टाकतो.

तेव्हा डायच्या आधी बॅरल मोजायची. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढा. मऊ, शुद्ध शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हलकेच ठोकत पार करा आणि त्यावर उमटलेला ठसा मायक्रोमीटरने मोजा. पाच खाचांच्या बॅरलला इथे अडचण येते, कारण खाचेसमोर खाच नसते, उंचवटा असतो. साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. त्यावर उपाय सोपा आहे. जाडी माहीत असलेल्या पितळी शिमची (पातळ पत्र्याची) पट्टी ठशाभोवती एक वेढा गुंडाळा, मोजा आणि शिमची दुप्पट जाडी वजा करा. युद्धकाळातल्या दोन खाचांच्या बॅरलमध्ये खाचा समोरासमोर असतात, ते माप सरळ येते. समजा ०.३१३ आले, तर गोळी ०.३१४ किंवा ०.३१५ची करायची. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर.

आता नेहमीच्या सेटमधला डाय काय करतो ते पाहा. तो केसची मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) गरजेपेक्षा बरीच दाबतो आणि बाहेर येताना एक्स्पांडरचा गोळा ओढून ती थोडी उघडतो. हा गोळा तांब्याच्या आवरणाच्या गोळीसाठी घडवलेला असतो. त्या ताठर मानेत ०.३१४ची शिशाची गोळी बसवली की मान जिंकते, गोळी हरते. तोंडाशी शिशाची चकचकीत बारीक कड सोलून निघते, गोळीला वंगण म्हणून लावलेले मेण खरवडले जाते. बाहेरून काडतूस देखणे दिसते म्हणून चूक कळत नाही. पारख करायची तर दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) नसलेल्या केसमध्ये गोळी बसवा, ओढून काढा आणि तिचा तळ मोजा. ०.३१४ची ०.३१२ होऊन आली, तर तुम्ही ओतताना आणि साइझ करताना (मापात आणताना) घेतलेली सगळी मेहनत त्या मानेने पुसून टाकली. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, आणि तो न करताच लोक मिश्रधातूला दोष देत बसतात.

यावर उपाय म्हणजे बाकी केस न दाबता मान नुसती आवळणारा डाय. असे डाय मुख्यतः दोन जातीचे. पहिला ली कंपनीचा कॉलेट डाय. आत मँड्रेल (गोल पोलादी दांडी) उभा असतो आणि बाहेरून कॉलेटची (उभ्या चिरा पाडलेल्या नळीची) बोटे मान त्यावर दाबतात. तेल लागत नाही, मान ताणली जात नाही, आणि पितळाची जाडी कमीजास्त असली तरी आतले माप एकसारखे येते. केसेस वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर आमचे मत ठामपणे याच डायच्या बाजूने आहे. दाब सोडल्यावर मान साधारण एक थाऊ परत उघडते. मान गोळीपेक्षा दोन थाऊ कमी हवी, म्हणजे ०.३१४ला ०.३१२, त्यासाठी मँड्रेल ०.३११च्या आसपास लागेल. डायसोबत आलेला मँड्रेल मोजून घ्या. तो बहुधा बारीक असतो, आणि मँड्रेल घासून बारीक करता येतो, जाड करता येत नाही. जाड हवा असेल तर नव्याने करून घ्यावा लागतो, किंवा पुढे सांगितलेल्या एक्स्पांडरवर भिस्त ठेवायची. या डायमध्ये केस न घालता प्रेसचे (डाय ज्यात बसवतात त्या हातयंत्राचे) हँडल जोराने कधीही दाबू नका. बोटे मिटून बसतात आणि पुढची केस त्यात चेपते. अवाजवी जोर लावला तर वरच्या टोपीचे आटे जातात. एकदा दाबून झाल्यावर केस अर्धी फिरवून पुन्हा दाबा, मान जास्त गोल येते.

दुसरा बुश (मान दाबणारे आतले कडे) बदलता येणारा डाय. याचे बुश एकेक थाऊच्या फरकाने मिळतात. हिशेब असा: मानेची भिंत ०.०१३५, दोन्ही बाजूंची मिळून ०.०२७, त्यात गोळी ०.३१४, म्हणजे भरलेल्या काडतुसाची मान ०.३४१. त्यातून दोन थाऊ वजा, बुश ०.३३९चा. पण हा डाय बाहेरून दाबतो, त्यामुळे भिंतीतला सगळा फरक आत उतरतो. एकाच लॉटच्या, मान छिललेल्या (बाहेरून खरवडून एकसारख्या जाडीची केलेल्या) केसेस असतील तरच त्याचे पैसे वसूल होतात. शिवाय आपल्या काडतुसासाठी तो बनतो का, ते आधी विचारून घ्या.

डाय कोणताही असो, एक्स्पांडर वेगळा घ्यावाच लागतो, आणि आमच्या मते निम्मे यश त्याच्यात आहे. लायमनच्या ‘एम’ डायचा प्लग दोन पायऱ्यांचा असतो. खालची पायरी गोळीपेक्षा किंचित बारीक, ती मान सरळ करते. वरची किंचित जाड, ती तोंडाशी छोटा कप्पा तयार करते. ०.३१४च्या गोळीला ०.३१२ आणि ०.३१६ ही जोडी चांगली. गोळी बोटाने ठेवली की त्या कप्प्यात ताठ उभी राहते, कलत नाही. कप्पा गोळीचा तळ जेमतेम शिरेल एवढाच ठेवा. तोंड कर्ण्यासारखे पसरवले तर ते लवकर चिरते आणि चेंबरमध्ये (बॅरलमधल्या काडतूस बसण्याच्या जागेत) अडते. गोळी बसवताना शेवटी तोंड सरळ करून घ्या, तोंड गोळीत आवळून चिमटा काढू नका. गोळीच्या बुडाशी तांब्याची गॅस-चेक टोपी (पेटत्या वायूपासून शिसे वाचवणारी) असेल, तर ती मानेच्या खाली उतरू देऊ नका.

थ्री नॉट थ्रीला नुसती मान आवळणे मानवते याला कारण आहे. तिची चेंबरे ऐसपैस असतात आणि काडतूस मागे बुडाच्या काठावर अडते, खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही. दरवेळी पूर्ण डायमध्ये (सगळी केस दाबणाऱ्या नेहमीच्या डायमध्ये) दाबून खांदा मागे लोटला की पुढच्या बारात केस तळाजवळ ताणली जाते. पाच-सहा वेळा असे झाले की तिथे चमकदार कडे दिसू लागते, आणि एक दिवस पुढचा भाग चेंबरमध्येच राहतो. टोक वाकवलेली तार आतून फिरवून पाहा. खाच लागली की केस भंगारात. मान आवळलेल्या केसेस मात्र ज्या रायफलीत उडाल्या त्याच रायफलीसाठी वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. बोल्ट जड लागू लागला की एकदा पूर्ण डाय वापरायचा. लिव्हर आणि सेमी-ऑटो रायफलींना मात्र प्रत्येक वेळी पूर्ण डायच.

एक तपासणी कधीही चुकवू नका. उडालेल्या, न दाबलेल्या केसच्या मानेत नवी जाड गोळी बोटाने घालून पाहा. ती सहज आत गेली नाही, तर चेंबरमध्ये मानेला सुटण्यापुरतीही जागा नाही, आणि तसे काडतूस उडवले तर दाब धोकादायक वाढतो. अशा वेळी गोळी एक थाऊ कमी करा, नाहीतर मान बाहेरून छिलून घ्या. दारूचे प्रमाण छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे. म्हणून ते आम्ही इथे मुद्दाम दिलेले नाही.

आपले,
ऑन्टारिओ, कॅनडा येथील दोन वाचक