विझार्डवाल्यांनो, स्क्रोल घेण्याआधी हे वाचा

रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेशनला पार्टी (आपली कॅरेक्टर्स) शहरात पोचतेय, म्हणजे स्क्रोलची (एकदाच वाचून वापरता येणारा लिहिलेला स्पेल, म्हणजे मंत्र) खरेदी होणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आपण या गेमच्या फिफ्थ एडिशनचे २०१४ चे रूल्स खेळतोय.

सगळे फायरबॉलच्या (आगीच्या स्फोटाचा स्पेल) मागे धावतात, पण तिसऱ्या लेव्हलच्या स्क्रोलचा सेव्ह डीसी (स्पेलपासून वाचायला मॉन्स्टरला फासा टाकून गाठायचा आकडा) १५ वरच अडकलेला असतो, तुमचं इंटेलिजन्स कितीही असू दे, मग पुढे जाऊन मॉन्स्टर आरामात वाचतात आणि सोनं पाण्यात. त्यापेक्षा नॉक (कुलूप उघडणारा स्पेल) घ्या, सेव्हची भानगडच नाही, आणि रोज प्रिपेअर (त्या दिवसासाठी तयार) करून कोण ठेवतंय तो!

रिच्युअल स्पेल (विधी म्हणून सावकाश करता येणारा) मिळाला, टायनी हट (पार्टीला आसरा देणारा घुमट) वगैरे, तर वाचून उडवू नका रे, स्पेलबुकात उतरवा, कारण विझार्डला रिच्युअल प्रिपेअर न करताही करता येतो. खर्च दर लेव्हलला ५० जीपी (सोन्याची नाणी) आणि २ तास, म्हणजे हटला १५० जीपी, ६ तास. वर अर्काना चेक (जादूच्या ज्ञानाची फाशावरची परीक्षा) डीसी १३, आणि पास होवो की फेल, स्क्रोल गेलाच, त्यामुळे गायडन्स (चेकला मदत करणारा स्पेल) मागायला लाजू नका.

क्युअर वूंड्सचा (जखमा भरणारा स्पेल) स्क्रोल क्लेरिकला (पार्टीतला पुजारी) द्या, विझार्डच्या लिस्टमध्ये तो नाहीच.

याद्या शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका, टेबलावर घासाघीस चालणार नाही.