चि. मुग्धास, नव्या घराच्या सजावटीविषयी

चि. मुग्धा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या घरासाठी काढलेली तुझी यादी सावकाश वाचली. राजस्थानी झरोका, केरळी उरुळी म्हणजे पाण्यात फुले सोडायचे पसरट भांडे, बस्तरचे ओतीव धातूचे ढोकरा हत्ती, तंजावरचे सोनेरी चित्र, कच्छी आरसेकाम आणि येवल्याच्या पैठणीचे पडदे. यांतली एकेक वस्तू देखणी आहे, परंतु दोन खोल्यांत ती सगळी मांडलीस तर पाहुण्याला हस्तकला प्रदर्शनात आल्यासारखे वाटेल. पारंपरिक घराला रूप येते ते उजेडाने, बसण्याच्या रीतीने आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या भांड्या-कापडांनी, असे माझे मत आहे; म्हणून खरेदीचा क्रमही तसाच लावावा. पैठणीचे पडदे तर यादीतून काढूनच टाक, कारण रेशीम उन्हाने विरते.

आपल्याकडच्या वाड्यांत सजावट म्हणून वेगळे काही फारसे केलेले नसे. दिवळी दिव्यासाठी, खुंटी उपरण्या-टोपीसाठी आणि फडताळ बरण्यांसाठी असे, आणि तरीही कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या, छताखाली चुन्याच्या भिंतीवर चौकातला उजेड तिरपा पडला की ओसरीला आपसूक शोभा येई. सदनिकेत चौक आणता येत नाही, आणि फायबरचे खांब व प्लास्टरच्या कमानी चिकटवून त्याचे सोंग आणलेले मला तरी बघवत नाही. उजेड मात्र आपल्या हातात असतो. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; 6500 केल्विनचे पांढरेफेक दिवे काढून 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे छताऐवजी भिंतीवर आणि कोपऱ्यांत लाव. थंड पांढऱ्या प्रकाशात सागवान निस्तेज आणि पितळ फिके दिसते. भिंती चुन्यासारख्या मऊ पांढऱ्या ठेवल्यास पुढचे बरेच काम सोपे होईल.

गादी, लोड आणि तक्क्यांची बैठक अवश्य कर, खाली जाजम किंवा जाड सतरंजी घाल. तिच्या जोडीला आसन सोळा ते अठरा इंच उंचीवर असलेल्या, वेताने विणलेल्या दोन सागवानी खुर्च्याही असू देत, कारण माझ्या वयाच्या माणसाला जमिनीवर बसणे जमते, उठणे जमत नाही.

झोपाळ्याचा तुझा हट्ट मला मान्य आहे, पण त्याचा विचार फर्निचरच्या आधी झाला पाहिजे. झोपाळ्यावर दोघे बसले की प्रत्येक झोक्यासरशी कड्यांवरचा ताण कमी-जास्त होतो. जिप्समच्या खोट्या छताला तो पेलत नाही, आणि स्लॅबलाही हवे तिथे भोक पाडून चालत नाही. कड्या शक्यतो तुळईतच बसवाव्यात, आणि ते करताना आतली सळई कापली जाऊ नये म्हणून जागा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी व सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच तुळईत अडकवल्या तर झोका तुळईला आडवा जातो, म्हणून ती भिंतीलगत असेल तर झोपाळा भिंतीवर आदळेल. तसे असल्यास लाकडी चौकटीवर टांगलेला सुटा झोपाळा घ्यावा. तो जागा जास्त अडवतो, पण घराला धोका नाही.

कापडावर मात्र पैसे खर्च कर. पडदे साध्या हातमागाच्या जाड सुती कापडाचे आणि अभ्रे अजरखचे, म्हणजे नैसर्गिक रंगांत ठशांनी छापलेल्या कच्छी कापडाचे घेतलेस, तर मंजिष्ठेचा तांबडा आणि नीळ हे दोनच रंग सगळ्या खोलीला पुरतील. खऱ्या अजरखला अनेकदा धुणे, ठसे मारणे आणि रंगात बुडवणे यांतून जावे लागते आणि त्याचा रंग पाण्याच्या गुणावर अवलंबून असतो. 2001 च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, तेव्हा तिथल्या, ही छपाई करणाऱ्या अनेक खत्री कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. दुकानात कापड जवळून पाहा. हाताने मारलेल्या ठशांच्या जोडावर नक्षी केसभर सरकलेली असते. सगळीकडे तंतोतंत सारखी नक्षी दिसली तर ते यंत्रावरचे किंवा स्क्रीनवरचे काम आहे असे समज. नैसर्गिक रंगही थेट उन्हात फिके पडतात, तेव्हा ते अभ्रे खिडकीखाली ठेवू नकोस.

भिंतीवर एकच मोठे चित्र पुरे, आणि ते वारली असावे असे मला वाटते. हल्ली त्याचे स्टिकर मिळतात, ते नकोत. मूळचा लग्नचौक सुवासिनी स्त्रिया लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढीत आणि त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असे. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या चित्रकाराकडून कापडावरचे चित्र थेट घे आणि काचेआड लाव. समोरची भिंत रिकामी राहू दे.

पितळेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली होती. शोभेच्या नव्या वस्तूंवर बहुधा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, पातळ थर असतो. त्या मऊ कापडाने नुसत्या पुसाव्यात, चिंचेने घासल्यास थर जागोजागी निघून डाग पडतात. जुन्या भांड्यांना चिंच किंवा लिंबू चालते.

जुन्या बाजारातून पाडलेल्या वाड्याचा एखादा खांब किंवा दाराची चौकट घेणार असशील तर लाकूड ठोकून पाहा आणि खाली बारीक भुसा सांडतो का ते बघ. एका किडक्या चौकटीतून कीड साऱ्या घरात पसरू शकते. जुन्या मूर्तीच्या वाटेला मात्र जाऊच नकोस. 100 वर्षांहून जुन्या मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो, त्यांची नोंदणी करावी लागते, आणि विकणारा मूर्ती कुठून आणली हे क्वचितच खरे सांगतो.

आपल्याकडची मोठी समई आणि पितळी घंगाळे मी तुझ्याकडे पाठवतो. घंगाळ्याला आतून कल्हई नाही, म्हणून त्यात खाण्याचे काही ठेवू नकोस. पाण्यात फुले सोडायला ते उत्तम आहे, तेव्हा उरुळी घेण्याचीही गरज उरणार नाही. बैठकीच्या खोलीतली तुळई भिंतीपासून किती अंतरावर आहे आणि खोलीत ऊन कोणत्या बाजूने येते, ते मोजून कळव. झोपाळ्याची फळी सुताराला त्यानंतरच कापायला सांगतो.

तुझ्या सासूबाईंना आमचा नमस्कार सांग.

तुझे
बाबा