वाळूत सगळं उलटं दिसतं

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. भागीदारीत ज्यानं तुला बुडवलं त्याच्या बंगल्याची वास्तुशांत झाली आणि तू भाड्याच्या खोलीत. "तुझ्या देवाचा न्याय कुठं आहे?" असं विचारलंस. बायबलातल्या ७३ व्या स्तोत्रातही हाच सवाल आहे रे. दुर्जनांची भरभराट बघून माझे पाय निसटत होते, असं तो भक्त कबूल करतो. बायबलनं हे लपवलेलं नाही, याचा मला फार आधार वाटतो.

आता माझी गोष्ट. अजून कुणाला सांगितलेली नाही. गेल्या नाताळच्या उपासनेला खुर्च्यांची व्यवस्था माझ्याकडं होती. पुढची रांग देणगीदारांची. दर शनिवारी चर्च झाडणारी म्हातारी मावशी चुकून तिथं बसली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून दंडाला धरून उठवलं आणि दाराजवळ नेलं. दंड काटकीसारखा. "बरं बाळा," एवढंच म्हणाली. त्या खुर्चीत मग जे पाहुणे बसले, त्यांच्या बोटात जाडजूड अंगठी होती. रात्री बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. सोन्याची अंगठी घातलेल्याला तुम्ही मानाची जागा देता आणि गरिबाला म्हणता, तू तिथं उभा राहा. तो मीच होतो.

४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं तेव्हा लोकांनी ख्रिस्ती धर्मालाच दोष दिला. त्याला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी 'देवाचं नगर' लिहायला घेतलं. २२ भागांचा तो ग्रंथ ४२६ च्या सुमारास पुरा झाला. न्याय काढून घेतला तर राज्य म्हणजे मोठी दरोडेखोरीच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मला मात्र दुसरीच गोष्ट लागली. देवाचं नगर आणि माणसाच्या गर्वाचं नगर शेवटच्या न्यायापर्यंत एकमेकांत मिसळलेली राहणार, अगदी चर्चच्या आतसुद्धा. मी समजत होतो, भिंतीच्या बाहेर बाजार आणि आत देव. त्या दिवशी हातात गीतपुस्तक धरून मी बाजाराचीच चाकरी करत होतो.

उद्यमनगरातली आपली फाउंड्री आठवते? पहिल्याच दिवशी वाळूचा मोल्ड, म्हणजे साचा, बघून तू म्हणालास, हे चुकलंय. कास्टिंगला जिथं उंचवटा पाहिजे तिथं वाळूत खड्डा होता. मिस्त्री म्हणाले, "वाळूत उलटंच दिसतंय लेका, ओतल्यावर बघ." येशूची आई मरिया हिचं बायबलातलं गीत वाचताना मला ते आठवतं. देवानं सत्ताधाऱ्यांना सिंहासनावरून खाली ओढलं आहे, असं ती घडून गेल्यासारखं गाते. तेव्हा हेरोद राजा गादीवर होता आणि तिचं बाळ अजून पोटात.

म्हणून गप्प बस, स्वर्गात मिळेल, असं कुणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस. मीही सांगणार नाही. तुझे पैसे घामाचे आहेत, केस सोडायची नाही. पुढच्या तारखेला मी येतोय, कोर्टाच्या दारात भेटू.

परवा मावशीच्या घरी जाऊन माफी मागितली. "कुठली खुर्ची रं?" म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना जोडीदार