हेकेलची जोडी वेगळीच ठेव

शहापूर, बेळगाव
डिसेंबरअखेर

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

काकूंना बरं वाटतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. निपाणीला गेलास की काकांनाही एकदा डॉक्टरांकडे ने, ते काही स्वतःहून जायचे नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. घरात डिस्कस माशांपैकी पिजन ब्लडचा नर, रेड टर्कॉइजची मादी आणि नवी हेकेलची जोडी आहे, तर कुणाचं कुणाशी जमवायचं, आणि अशी मिसळ केली तर ते 'हायब्रीड' करणं होईल का? फोनवर तू विचारलंस तेव्हा मी हसलो, कारण हायब्रीड म्हटलं की आपल्याकडे आधी ज्वारी आठवते आणि मग म्हाताऱ्यांचं ते ठरलेलं बोलणं, की आताची पोरंच हायब्रीड. म्हणजे शब्द कानावर आला की तोंड वाकडं करायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं.

पण तू एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो आहेस. पिजन ब्लड आणि टर्कॉइज या दोन जाती नव्हेतच, माणसाने टाकीत निवडून निवडून काढलेल्या रंगाच्या लाइन आहेत. टर्कॉइज नावारूपाला आणला अमेरिकेतल्या जॅक वॅटलींनी. पिजन ब्लड 1990 च्या सुमारास थायलंडात निघाला. दोघांच्याही पूर्वजांत ॲमेझॉन नदीतले निळे, तपकिरी, हिरवे असे सगळे डिस्कस कधी ना कधी मिसळलेले आहेत. अशा दोघांची जोडी लावताना कुणाची शुद्धता बुडते, सांग? बुडायला ती शिल्लक तर पाहिजे. दुकानदार 'प्युअर टर्कॉइज' म्हणतो त्याचा अर्थ एवढाच की पिल्लं बहुतेक आईबापांसारखी निघतील.

फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट हे टाकीतले मासे ही दुसरी गोष्ट. ते मध्य अमेरिकेकडच्या वेगवेगळ्या सिक्लिडांचे, म्हणजे डिस्कसच्याच कुळातल्या माशांचे, खरेखुरे संकर. पॅरटचं तोंड बघ कधी जवळून, नीट मिटतसुद्धा नाही, आणि नर बहुतेक वांझ. तरी वास्तूच्या नावाखाली फ्लॉवरहॉर्न कसा खपतो ते तुला मी सांगायला नको. डिस्कसला त्यांच्या पंगतीत बसवू नकोस.

हेकेल मात्र तिसरी गोष्ट आहे, आणि तिथे मी तुला स्पष्ट नाही म्हणतो.

योहान नाटररने ब्राझीलमधून व्हिएन्नाला पाठवलेल्या माशावरून तिथल्या हेकेल नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने 1840 साली जे वर्णन केलं, तीच ही जात, सिम्फिसोडॉन डिस्कस. अंगावरच्या नऊ पट्ट्यांपैकी पहिला, पाचवा आणि नववा ठळक, त्यातही मधला पाचवा सगळ्यात रुंद. रिओ नेग्रोच्या काळ्या, आंबट पाण्यातला मासा. बाकीच्यांच्या नावांचा घोळ तर पंडितांनाही निस्तरलेला नाही. 1904 मध्ये पेलेग्रिनने 'इक्विफॅसिएटस' हा दुसरा प्रकार सांगितला, 1960 मध्ये शुल्ट्झने त्याच्या उपजाती पाडल्या. पुढे 2006 मध्ये एका गटाने पश्चिमेकडच्या हिरव्या डिस्कसला 'टारझू' म्हटलं आणि वर्षभरात दुसऱ्या गटाने त्याच हिरव्याला 'इक्विफॅसिएटस' ठरवून निळ्या-तपकिरीला 'हराल्डी' केलं. मासा तोच, कागद बदलला की जात बदलली! त्यामुळे हिरवा-निळा संकर पाप की पुण्य, यावर कुणी तावातावाने बोलायला लागला की मी चहा मागवतो. नद्या जिथे मिळतात तिथे ते मासे आपले आपण मिसळतात, तेही आपल्याला न विचारता.

पण हेकेल वेगळा, हे सगळेच मानतात. त्याची टर्कॉइजशी जोडी जमते, पिल्लंही धडधाकट आणि वीणक्षम होतात. हीच तर अडचण आहे. पुढच्या दोन पिढ्यांत तो मधला पट्टा कुणाच्या अंगावर गडद, कुणाच्या फिकट, कुणाच्या अजिबात नाही. मग कुणीतरी पट्टेवाला उचलून 'वाइल्ड हेकेल' म्हणून विकतो आणि घेणाऱ्याला ओळखायला काही मार्ग उरत नाही. काकांना विचार. चिंचलीच्या मायक्काच्या जत्रेत खिलार खोंड बघताना ते नुसते शिंगं आणि रंग बघतात का? कुणाच्या दावणीचा, आई कुठली, हे विचारल्याशिवाय सौद्याला हात घालत नाहीत. माशाच्या बाबतीत दावण विचारणारं कुणी नसतं, म्हणून ती आपणच सांगायची. माझं म्हणणं इतकंच आहे. मिसळ करायची तर कर, पण लिहून ठेव आणि विकताना सांग. जे एकदा मिसळल्यावर परत वेगळं करता येत नाही, त्याला मात्र हात लावू नकोस.

शिवाय ती जोडी खरंच रानातली असेल तर महिना-दीड महिना दुसऱ्या खोलीत ठेव. जाळी वेगळी, पाइप वेगळा. रानातला आणि टाकीतला मासा एकमेकांना कसले कसले आजार देतात, त्यात टाकीतले सगळे मासे काळे पडून कोपऱ्यात जातात.

तर जोडी लाव पिजनचा नर आणि टर्कॉइजची मादी यांची. पिजनचा गुण वरचढ असतो, म्हणून पहिल्याच विणीत पिजनसारखी बरीच पिल्लं दिसतील. अंगावर काळी मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपकेही येतील, त्यावर नाराज होऊ नकोस. अल्बिनोचं याच्या उलट असतं. तो गुण दबून राहतो, पहिल्या पिढीत दिसतच नाही आणि भावंडांची जोडी लावली की चारात एकाच्या हिशेबाने वर येतो. त्या नादाला आत्ताच लागू नकोस.

पाण्याचं बघ. आमच्याकडे नळाला राकसकोप धरणाचं येतं, ते पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी खाली दाखवतं, म्हणून माझं निभावतं. तुझ्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर आरओचं मिसळ, नाहीतर मादी अंडी घालत राहील आणि सगळी पांढरी पडत राहतील. पीएच साडेसहाच्या आत, तापमान 29-30. इथे या दिवसांत पहाटे चांगलाच गारठा असतो आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. मी टाकीच्या तीन बाजूंना थर्मोकोल लावलाय आणि हीटर इन्व्हर्टरवर घेतलाय. घरात सगळे म्हणतात, माणसांना नाही एवढी माशांना ऊब.

अंडी टाकीत ठेवलेल्या कोनावर (अंडी घालण्यासाठीच्या शंकूवर) घातली की अडीच-तीन दिवसांत फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात आणि थेट आईबापांच्या कुशीला चिकटतात. तेव्हा खुर्ची घेऊन बस बाबा, दुसरं काही करू नकोस. पिल्लं अंगावरचा चिकट स्राव टोचून टोचून खातात. आईला पुरे झालं की ती एक झटका देते आणि सगळा थवा क्षणात बापाच्या अंगावर. प्लिमथच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की या स्रावात विणीच्या वेळी प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, म्हणजे दुधासारखंच काम. दोनेक आठवड्यांनी आईबाप पिल्लांना टाळायला लागतात. भांडण झालं समजून वेगळे करू नकोस, ते अंगावरचं तोडणं आहे.

इथे पिजनची एक खोड आहे. डिस्कस पिल्लं सांभाळताना अंग गडद करतो आणि पिल्लांना तो गडद रंग ओढतो. पिजनला नीट गडद होता येत नाही, म्हणून पिल्लं कधी फिल्टरच्या काळ्या स्पंजलाच जाऊन चिकटतात. फिल्टर फिकट रंगाचा घे आणि पाणी थोडं खाली उतरव. तुझी मादी टर्कॉइज आहे म्हणून मी हीच जोडी सुचवतोय, तिच्यावर पिल्लं सहज जातील. दोन्ही पिजन असते तर नको म्हणालो असतो.

पाच-सहा दिवस अंगावरचं खाल्लं की ताजी फुटलेली आर्टेमिया (इवल्याशा खाऱ्या कोळंबीची पिल्लं) सुरू कर. मोठ्यांना कोळंबी, मासा, पालक आणि लसूण वाटून दे. परदेशात गाईचं हृदय घालतात, ते आपल्याकडे जमणारं नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही.

दीडशे पिल्लं जगली तर ठेवणार कुठे, हे मात्र आधी ठरव. वाकडी, कल्ले उघडी राहिलेली पिल्लं दुकानात देऊ नकोस. बाकीच्यांच्या पिशवीवर आईबापांची लाइन लिही. दुकानदार हसेल, हसू दे.

संक्रांतीला येशील तर आर्टेमियाच्या अंड्यांचा एक बंद डबा घेऊन ये, इथे मिळतो तो निम्माही फुटत नाही. बदल्यात कुंदा माझ्याकडून.

तुझा,
विनायक