आयवॉशची तपासणी मे महिन्यातल्या दुपारी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. त्या आठवड्यात हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीत लगबग असते. डोळ्यांत रसायन उडाले तर ते धुण्यासाठीच्या आयवॉशला हिरवा रंग लागतो, अंगावरचे रसायन धुण्यासाठीच्या सेफ्टी शॉवरचा दांडा ओढून दाखवला जातो, फोटो निघतो, रजिस्टरवर सही होते. हे व्हायलाच हवे. पण नागपुरात या उपकरणाची खरी परीक्षा मार्चमध्ये होतच नाही. ती नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, दुपारी दोन वाजता घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी बरीच वर्षे कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये काढली. अनेक लहान कारखान्यांत शॉवरचे पाणी येते ते छतावरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून, आणि तिथून निघालेला जीआय पाइप पत्र्यावरून उघडाच फिरवलेला असतो. पारा ४५ वर गेला की त्या पाइपला हात लावता येत नाही. एका प्लेटिंगच्या कारखान्यात मेमधल्या दुपारी मी आयवॉशचे पॅडल दाबले. आधी तांबूस, गंजलेले पाणी आले. मागोमाग आलेल्या धारेखाली बोटे धरवेनात. पाइपातले पाणी वाहून गेले तरी धार निवेना, कारण वर टाकीच तापलेली. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, ‘‘साहेब, यानं डोळे धुवायचे का?’’ त्याच्यापासून चार पावलांवर कॉस्टिक सोड्याची टाकी होती.

कॉस्टिकचे नाव मुद्दाम घेतो. ॲसिड डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिने गोठवते आणि तो थर त्याला काही प्रमाणात अडवतो. कॉस्टिक, चुना यांचे तसे नसते. ते पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत शिरत राहतात. म्हणून पापण्या उघड्या धरून सलग किमान १५ मिनिटे डोळे धुवायचे असतात. चटके देणाऱ्या पाण्यात माणूस १५ सेकंदही तोंड धरणार नाही. तो मागे सरेल, आणि त्याची दृष्टी कायमची जाईल.

जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी ‘अँसी’ मानकात हे पाणी १६ ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यान हवे, असे स्पष्ट आहे. ३८ च्या वर ते डोळ्यालाच इजा करू शकते आणि रसायनाची क्रियाही वाढवते. उपकरण धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत गाठता यावे, वाटेत पिंप-गोणी नसाव्यात, दर आठवड्याला ते चालवून पाहावे, हेही त्यातच आहे. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि जखमी डोळ्याला तेवढेच पुरते. आपल्याकडेही या शॉवर-आयवॉशसाठी आयएस १०५९२ हे भारतीय मानक १९८२ पासून आहे.

पाण्याचा साठा हा दुसरा प्रश्न. शॉवरला मिनिटाला सुमारे ७५ लिटर लागतात, म्हणजे १५ मिनिटांना ११०० लिटरहून जास्त. हजार लिटरची भरलेली टाकीसुद्धा अपुरी पडते. आणि उन्हाळ्यात तीच टाकी कूलरनाही पाणी पुरवत असते! दुपारी ती अर्धी रिकामी, आणि उरलेले पाणी आणखी गरम.

यावर उपाय काही कोटींचे नाहीत. शॉवरची टाकी वेगळी ठेवा, सावलीत ठेवा, तिला इन्सुलेशन करा. पाइप शक्य तिथे जमिनीखालून न्या. जिथे हे जमणार नाही, तिथे स्वतःची टाकी असलेला आयवॉश शेडच्या आत बसवा. डोळे धुण्याच्या सलाइनच्या बाटल्या रसायनाच्या टाकीजवळ जरूर असाव्यात, पण त्या आयवॉशपर्यंत पोहोचेपर्यंतच्या. रात्रपाळीला आलेल्या कंत्राटी कामगारालाही पहिल्याच दिवशी आयवॉशजवळ नेऊन पॅडल दाबायला लावा. डोळे मिटलेल्या माणसाला पाटी वाचता येत नाही.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे. या वर्षी मेमध्ये थर्मामीटर घेऊन कारखान्यांत जा. आयवॉशच्या साप्ताहिक नोंदीत ‘पाण्याचे तापमान’ आणि ‘तपासणीची वेळ’ असे दोन रकाने घाला, आणि एप्रिल ते जून वेळेच्या रकान्यात सकाळचे नऊ लिहिलेले असेल तर ती नोंद मान्य करू नका.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन,
हिंगणा रोड, नागपूर