तीन रुपये नफा

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

दिग्या,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. जूनमध्ये तू तो क्रेडिट कार्डांचा तक्ता पाठवलास, वर "गुरुजी, अभ्यास करा" असं लिहिलंस, आणि मी साधा अंगठाही दाखवला नाही. नंतर तुझे दोन फोन आले. पहिल्या वेळी मोबाइल खरंच चार्जिंगला होता. दुसऱ्या वेळी हातात होता, वाजू दिला. का, ते पुढं येईलच. बाकी तब्येत बरी. शुगर आहे तिथंच आहे, आईचे गुडघे पावसाळाभर कुरकुरले, आता थंडीत काय म्हणतात बघू.

तुझा तक्ता मी वाचला नाही असं समजू नको. आठवीच्या चाचणीच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर मी तो पूर्ण उतरवून काढला, आमच्या घराच्या आकड्यांनी. तुझं ते नऊशे नव्व्याण्णववालं कॅशबॅक एसबीआय कार्ड, ऑनलाइन खरेदीचे पाच टक्के परत, दुकानात एक टक्का. तुला पिंपरीत ठीक आहे. तुझ्याकडं कोथिंबीरसुद्धा मोबाइलवरून येते. आमच्याकडं ऑनलाइन म्हणजे काय, तर महिन्याला हजार-बाराशे: पोरीची पुस्तकं, हिची एखादी साडी, मिक्सरचं भांडं. त्याचे पाच टक्के धर, साठ रुपये. वर्षाचे सातशे वीस. आणि फी नऊशे नव्व्याण्णव, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. फी नुसती वसूल व्हायला वर्षाला साडेतेवीस हजारांच्या वर ऑनलाइन खरेदी पाहिजे. वर्षाला दोन लाख खर्च केले तर फी माफ आहे म्हणतोस. अबे, आम्ही गवळ्याचं दूध आणि मंगळवारचा बाजार धरूनही एक लाख अडुसष्टच्या पुढं जात नाही, आणि गवळी अजून बोटानं भिंतीवर रेघा ओढतो, त्याच्याकडं कुठलं स्कॅन!

बिनाफीचं अॅमेझॉन पे आयसीआयसीआय चांगलं, पण ते व्हिसाचं. इथं ते घासायला मशीनच नाही. पेट्रोल पंपावर आहे, आणि तालुक्याच्या बारमध्ये आहे. गुरुजींनी कुठं घासायचं, तूच सांग. पंपाचीही गंमत ऐक: एक टक्का सरचार्ज माफ होतो तो चारशे-पाचशेच्या वर भरलं तर. मी आयुष्यात गाडीत दीडशेच्या वर पेट्रोल टाकलेलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तूच मागं बसून धक्का मारायला उतरत होतास.

म्हणजे आमच्या कामाचं एकच, रुपेचं. ते यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून. गावात पानठेल्यापासून सलूनपर्यंत सगळीकडं तो चौकोनी ठिपक्यांचा कागद लागलेला आहे, त्याच्यावर चालतं. पण तो कागद दुकानाच्या नावाचा लागतो. मनोहरशेठनं पोराच्या वैयक्तिक खात्याचा लावला होता, त्याच्यावर कार्डानं पैसे जातच नव्हते. मी तीन दिवस त्याच्या मागं लागून दुकानाच्या नावाचा काढायला लावला. त्याला भीती की ह्यात त्याचा काहीतरी कट लागणार. दोन हजारापर्यंत लहान दुकानदाराला काही लागत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी म्हणाला, "मास्तर, एक टक्क्यासाठी एवढी मगजमारी? वहीतच लिहून ठेवतो ना मी, पहिल्यासारखं." त्याची वही, दिग्या. तुझ्या बाबांचं पान अजून आहे त्यात, मी पाहिलं. चुकतं झालेलं आहे, आडवी रेघ मारलेली, खाली शेठची सही.

तर मी ते कार्ड घेतलं. बँकेचं नाव लिहीत नाही, बँकेचा दोष नाही. दोष कोणाचा ते तुला कळेल म्हणून तर हे पत्र.

जूनच्या बारा तारखेला आमचा धाकटा, धनू आला. पेरणी तोंडावर, हातात पैसा नाही. पीककर्ज मागच्या वर्षीचं थकलेलं. कर्जमाफी होणार होणार म्हणत कोणीच भरलं नव्हतं, त्यानंही नाही. वेळेवर भरलं असतं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, पंजाबराव देशमुखांच्या नावाची ती सवलत. पण थकीतला नवीन कोण देणार? तो कृषी केंद्रातून उधार घ्यायला निघाला होता, दरवर्षीसारखा सोयाबीन निघेपर्यंत. मी अडवला. म्हटलं, उधारीत तो बॅगेमागं भाव वाढवून लावतो, तेच त्याचं व्याज. माझ्याकडं कार्ड आहे. पैसे आत्ता जात नाहीत, वर एक टक्का परत मिळतो. धनू माझ्याकडं असा पाहत होता की मी मंत्रालयातून जीआर घेऊन आलोय.

कृषी केंद्रात अडतीस हजाराचा माल झाला. बियाणं, डीएपी, तणनाशक. मी ऐटीत मोबाइल काढला. दुकानदार म्हणे, क्रेडिट कार्ड असन तर दोन टक्के वरून लागतीन, रक्कम मोठी आहे, मले कटते. मी पंधरा मिनिटं वाद घालून एकावर आणला आणि छाती फुगवून बाहेर आलो. संध्याकाळी पाय धुताना डोक्यात प्रकाश पडला. एक टक्का वरून दिला, ३८,३८० झाले. त्याचा एक टक्का परत येणार ३८३. तीन रुपये नफा, दिग्या. मी बीएस्सी, बीएड, गणित.

तेवढ्यावर थांबलं असतं तर आपण फोनवर हसून मोकळे झालो असतो.

माझं बिल निघतं वीस तारखेला. पन्नास दिवस बिनव्याजी म्हणतात ते खरं असतं, पण बिलाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या मालाला. मी घेतला बारा तारखेला, आठच दिवसांत तो बिलात. भरायची तारीख १० जुलै. घरखर्च धरून ४६,२००. आणि जुलैतच पोरीचं अमरावतीचं हॉस्टेल आणि फी, बावन्न हजार. बिलाच्या खाली एक ओळ असते, किमान देय रक्कम: २३१०. ती ओळ फार गोड आवाजात बोलते. मी २३१० भरले. म्हटलं, उरलेल्यावर महिन्याचं जे काय लागेल ते.

महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे बेचाळीस. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. आणि हे व्याज १० जुलैपासून नाही, ज्या दिवशी माल घेतला त्या दिवसापासून. शिवाय एकदा बाकी राहिली की त्यानंतर मनोहरशेठकडं घेतलेल्या साबणाच्या वडीलाही घेतल्या क्षणापासून व्याज सुरू, बिनव्याजी दिवस बंद. चार बिलांत व्याज, जीएसटी धरून, असं आलं: २२४८, १८६१, १७९७, १७४२. बेरीज करून ठेव: ७६४८. ऑगस्टमध्ये मी वर्गात चक्रवाढ व्याज शिकवत होतो. फळ्यावर दर लिहिला दसादशे आठ. एका पोट्ट्यानं विचारलं, सर, बेचाळीस असला तर? कुठून आलं त्याच्या डोक्यात देव जाणे, उत्तर असं येतं म्हणून असेल, पण माझ्या हातातला खडू मोडला.

आता तू म्हणशील, मूर्खा, शिक्षकांच्या पतसंस्थेतून का नाही उचललेस? दहा-अकरा टक्क्यांत काम झालं असतं, दर महिन्याला पगारातून कापलं गेलं असतं. मी गेलो होतो. फॉर्म आणला. तिसऱ्या पानावर दोन चौकोन होते, जामीनदार एक, जामीनदार दोन. फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि परत आलो.

म्हणून तुझा फोन उचलला नाही. तात्याच्या जामिनाच्या प्रकरणानंतर बसस्टँडवर आपण काय बोललो होतो, ते हिला नाही माहीत, धनूला नाही, आईला तर सव्वीस महिने पगार कमी का येत होता हेही नाही. तुझ्या आवाजापुढं मला खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं सांगितलं असतं तर तू त्याच रात्री गाडी पकडून सही करायला आला असतास. मग आपण दोघंही शपथ मोडली असती. (आणि तू पुन्हा म्हणाला असतास की त्या वेळी मीच तुला सहीला नेलं. एकदा लेखी देतो: मी नेलं नव्हतं. तू चहा प्यायला आला होतास.)

म्हणजे सही मागायची नाही म्हणून मी बेचाळीस टक्के भरत बसलो. हे कोणाला समजावून सांगू?

पाऊस तर तू पाहिलासच टीव्हीवर. अर्धं वावर पाण्यात होतं. जे वाचलं ते ओलं. सोयाबीनचा हमीभाव यंदा ५३२८, पण सरकारी खरेदी सुरू होईस्तोवर थांबायला कोणाला सवड? धनूनं एकोणचाळीसशेनं घालून दिलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, परवाच, सकाळी आला. मी ओसरीवर दाढी करत होतो. त्यानं बनियनच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, बियाण्याच्या बॅगेचीच कापलेली, सुतळीनं बांधलेली. गाठ सुटेना तर दातानं सोडली. पाचशेच्या नोटा, ओलसर, काहींना कुटाराचा बारीक कचरा चिकटलेला. दादा, मोजून घे, म्हणाला. मी फेस लागलेल्या तोंडानं मोजल्या. सत्त्याहत्तर. साडेअडतीस हजार.

"एकशेवीस वरचे राहू दे," म्हणे, "तुह्या कार्डाचं भाडं. अन् ते कॅशबॅक का काय म्हणते, ते तुले भेटलंच असन ना?"

मी हो म्हटलं.

"मंग चांगलं झालं," म्हणे. "मले वाटत होतं, माह्यापायी तुले फुकटचा तरास. तुलेई दोन पैसे सुटले. पुढच्या वर्षीबी असंच करू, केंद्रवाल्याच्या दारात कायले जा?"

आतून हिनं चहा आणला. तो बशीत ओतून पिऊन गेला. मी तसाच अर्ध्या दाढीनं बसून राहिलो.

त्याच दिवशी ते पैसे, त्यात माझे घालून, कार्ड पूर्ण चुकतं केलं. तरी शेपूट राहतंच. वीस ते चोवीस तारखेपर्यंतचं चार दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येईल, दोन-अडीचशे. मेसेज येतो तो मोबाइल दिवाळीच्या सुट्टीत पोरीच्या हातात, त्यामुळं परवापासून मी मोबाइल उशाखाली घेऊन झोपतो. हिला वेगळाच संशय आला आहे. येऊ दे, ह्या वयात तो परवडतो.

तू काही सांग ना बे. धनूला ते ७६४८ सांगितले तर तो डिसेंबरात तूर निघाली की तेवढे मोजून आणून देईल, आणि पुन्हा माझ्या ओसरीवर काही मागायला चढणार नाही. नाही सांगितले तर जूनमध्ये "कार्ड काढ" म्हणत उभा राहील. त्याच्या थकीत कर्जाचं नवं-जुनं करून घ्यायला मी सोसायटीच्या सचिवाला भेटणार आहे, ते झालं तर कार्डाचा विषयच निघणार नाही. पण सचिव कोण आहे माहीत आहे का? तात्याचा जावई. हस आता.

कार्ड मी ठेवलं आहे, फक्त किराणा आणि मोबाइल रिचार्जपुरतं. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापायला लावलं. महिन्याला पन्नास-साठ रुपये येतात. मनोहरशेठ विचारतो, मास्तर, झाले का बंगल्याचे पैसे?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींच्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं असं शेवंताकाकूकडून कळलं, बरं झालं. चिन्मयला बारावीला गणित जड जात असेल तर माझ्याकडं पाठवू नको, वरचं वाचून तुला कारण कळलंच असेल.

तुझा,
सुध्या

ता. क.: समोश्याचे ते चौदा रुपये मी तेव्हाच दिले होते. तुझ्या डायरीत काहीही लिहिलेलं असो.