केपमधील फ्रेंच निर्वासित : अर्धीच कहाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या फ्रेंच ह्यूगनॉट (म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) निर्वासितांवरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. फाफ डू प्लेसी पुण्याच्या संघाकडून आयपीएल खेळून गेला आणि एबी डीव्हिलियर्सचे नाव तर आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहे. त्यामुळे या आडनावांचे मूळ वाचकांना सांगितले, हे उत्तमच झाले. मात्र मूठभर लोकांनी निव्वळ स्वकष्टाने ओसाड भूमीत द्राक्षमळे फुलवले आणि डच समाजात ते आपखुशीने मिसळून गेले, असे जे चित्र लेखातून उभे राहते, ते इतिहासाला धरून नाही.

१५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना मिळालेली उपासनेची मुभा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८५ मध्ये काढून घेतली आणि देश सोडण्यास बंदी असतानाही सुमारे दोन लाख लोक हॉलंड, इंग्लंड, प्रशिया अशा ठिकाणी निसटले. त्यांपैकी जेमतेम दोनशे जण १६८८ पासूनच्या एक-दोन वर्षांत आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केपला पोहोचले. त्यांना तेथे नेले ते डच ईस्ट इंडिया कंपनीने, आणि त्यात दयाबुद्धीपेक्षा व्यवहार अधिक होता. पूर्वेकडे जाणाऱ्या आपल्या जहाजांना केपमध्ये धान्य, मांस आणि मद्य पुरवण्यासाठी कंपनीला शेतकरी हवे होते. प्रवास फुकट, कसता येईल तेवढी जमीन, अवजारे आणि बियाणे उधारीवर. बदल्यात निष्ठेची शपथ आणि किमान पाच वर्षांचा मुक्काम, अशा अटी होत्या. मद्याचे श्रेयही सगळे त्यांचे नव्हे, कारण केपमध्ये पहिली वाइन त्यांच्या आगमनाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी, १६५९ मध्येच, तयार झाली होती.

'आपखुशीने मिसळले' हे विधान तर मुळीच टिकत नाही. केपचा गव्हर्नर सिमॉन व्हान डेर स्टेल याने तेथील ड्राकेन्स्टाईनच्या खोऱ्यात फ्रेंच कुटुंबांना डच शेतकऱ्यांच्या मध्ये मध्ये जमिनी दिल्या, त्या त्यांची स्वतंत्र वस्ती होऊ नये म्हणूनच. पाद्री पिएर सिमों यांच्या पुढाकाराने १६८९ मध्ये त्यांनी वेगळ्या चर्चची मागणी केली, तेव्हा गव्हर्नरने शिष्टमंडळाची खरडपट्टी काढली. पुढे कंपनीच्या हॉलंडमधील संचालकांनी चर्चला परवानगी दिली खरी, पण १७०१ च्या सुमारास मुलांना डच भाषेतच शिकवावे असा आदेशही त्यांनीच पाठवला. सिमों १७०२ मध्ये परत गेले आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या खोऱ्यातून फ्रेंच भाषा जवळपास नाहीशी झाली. धर्मासाठी देश सोडणाऱ्यांनी भाषा मात्र सहज टाकून दिली असेल, हे मनाला पटणारेही नाही.

आणि ती 'ओसाड' जमीन? ती खोईखोई या स्थानिक पशुपालकांची चराऊ कुरणे होती. डचांशी झालेल्या लढायांत आणि पुढे १७१३ च्या देवीच्या साथीत हा समाज उद्ध्वस्त झाला. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचा तर लेखात उल्लेखही नाही. मादागास्कर, इंडोनेशियाची बेटे आणि आपल्याकडचे बंगाल, मलबार व कोरोमंडलचे किनारे येथून ही माणसे आणली जात; कागदोपत्री त्यांच्या नावापुढे 'व्हान बेंगालेन', 'व्हान मलबार' असे लिहिलेले आढळते. ह्यूगनॉट कुटुंबेही गुलाम बाळगत होती. स्वतः छळ सोसून आलेल्यांनी हे केले, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, पण ते दडवण्याचेही कारण नाही.

या निर्वासितांचे फ्रान्सहुकमधील स्मारक १९४८ च्या एप्रिलमध्ये खुले झाले आणि पुढच्याच महिन्यातील निवडणुकीने वर्णभेदाचे सरकार आणले. त्याचे पंतप्रधान डी. एफ. मलान ह्यूगनॉट वंशाचे होते. त्याच वर्णभेदाविरुद्ध उभे राहून बंदीहुकूम सोसणारे धर्मोपदेशक बेयर्स नॉडे यांचे घराणेही ह्यूगनॉटच. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले गेल्यास क्रिकेटपटूंच्या जोडीने या दोघांनाही जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे